पेन्सिलीनं

सावईवेऱ्याच्या शाळेचं वेळापत्रक
शाईनं लिहायचं मी सोडलं
त्याला हे तिसरं वर्ष.
कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद
खोडून खोडून इतका पातळ झालाय
की गुरुवारच्या तासांतून
मागचा गंजका हिरवा पत्रा दिसतो.

आधी घंटा गेली.
नमन च्यारी टोल पडायच्या दोन मिनिटं आधीच
कान झाकायचा,
आणि टोल थांबले तरी बाकाखालीच राहायचा
पुढच्या टोलापर्यंत.
रामनाथ शिपाई म्हणाला, बाई, एकतीस वर्षं वाजवतोय,
कोण मेला नाही.
खरंच होतं ते.
मी घंटा उतरवून माझ्या खोलीत ठेवली,
फायलींवर वजन म्हणून.

आता तास संपला की
सातवीतला उदेश लाल फडकं घेऊन
एकेका खिडकीवरून चालत जातो.
त्याला ऐकू येत नाही,
घड्याळ मात्र रामनाथपेक्षा बरं कळतं.
कधीकधी विसरतो.
एका मंगळवारी भूमिती ऐंशी मिनिटं चालली
आणि शिरोडकर सर माझ्याशी
दोन दिवस बोलले नाहीत.

मग मिताली गावडेचा पेपर.
सुपाऱ्यांच्या चित्राखाली तिनं लिहिलं होतं:
लाभ, दोन, तीन, चार.
ओळ घसरलेली, ‘तीन’ उलटा,
‘लाभ’ तेवढा ताठ.
सरांनी त्यावरच लाल रेघ मारलेली.
मी रेघेकडे बघत बसले.
माझे वडील खळ्यावर भात मापताना
पहिल्या मापाला कधी एक म्हणाले नाहीत;
हे मी शाळेत जाऊन विसरले होते.
अर्धा गुण दिला.
त्या अर्ध्या गुणावर दीड तास बैठक चालली.

अभ्यासक्रम पुरा कसा होणार, बाई?
आल्झिरा टीचर विचारते. भांडायला नव्हे.
तिच्या वर्गात चौतीस आहेत
आणि घशाच्या ऑपरेशनला जेमतेम महिना झालाय.
माझ्याकडे उत्तर नसतं.
मी तिचे दोन तास घेते.
नेतृत्वावरच्या प्रशिक्षणात बावीस स्लाइड होत्या,
त्यात हे कुठे बसतं
मला आठवत नाही.

रॅम्प आला मार्चअखेरीस, निधी संपवायला.
इतका चढा की साहेबांची स्कूटर
अर्ध्यातून मागे घसरली.
फोटो काढला, नारळ फोडला.
जिच्यासाठी मागितला होता ती सुगंधा
चवथीनंतर शाळेत आलीच नव्हती.
कुळागरातल्या वाटेनं दोनदा गेले तिच्या घरी.
आईनं चहा दिला, सुगंधानं तोंड फिरवलं.
तिसऱ्यांदा जायचं राहिलं.
हे कुठल्या रकान्यात येत नाही,
म्हणून इथे लिहिते.

रकाना विचारतो: विशेष मुलं किती?
मी पाच लिहिते, खोडते, सात लिहिते.
माझं स्वतःचं शुद्धलेखन आठवतं,
आल्झिराचा बसलेला घसा.
फॉर्म परत येतो:
कृपया शाईनं भरावा.

आज शेवटचा तास लांबला.
फडकं आलं नाही.
बाहेर जाऊन बघते तर उदेश
कुंपणाला टेकून उभा, फडकं खांद्यावर.
पलीकडे कुळागरात कुणीतरी उघड्या अंगानं
पाटाचं पाणी वळवत होतं:
माडांकडून पोफळींकडे,
मग केळींच्या आळ्यांत,
कुदळीनं एक बांध फोडायचा, दुसरा घालायचा,
पाणी अडेल तिथे वाकून पाला काढायचा.
मी दिसल्यावर उदेश दचकला नाही.
एक बोट वर केलं.
एक ओळ राहिलीय.

मी थांबले त्याच्याशेजारी.
मागे वर्गात कुणीतरी सहाचा पाढा
पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.
आवाज नमनचा असावा.